माणसांचे पारखी : जमशेटजी टाटा

विद्यार्थी मित्रांनो, कारखाना चालवायला काय काय लागते, असे कोणी विचारले तर तुम्ही काय सांगाल? जागा, यंत्रे, कच्चा माल आणि पैसा, असेच ना? पण हे सगळे असूनही कारखाना नीट चालेलच असे नाही. कामाला माणसेच आली नाहीत, तर यंत्रे काय करणार? नागपुरात जमशेटजी टाटांपुढे हीच अडचण उभी राहिली होती.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारी या गावी एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. १८६८ साली एकवीस हजार रुपये भांडवलावर त्यांनी स्वतःचा व्यापार सुरू केला. इंग्लंडमधील लँकेशायरला जाऊन त्यांनी कापडधंद्याचा बारकाईने अभ्यास केला.

त्या काळी बहुतेक कापडगिरण्या मुंबईत निघत. जमशेटजींनी मात्र नागपूर निवडले. विदर्भात कापूस भरपूर पिकत होता, वरोऱ्याला दगडी कोळसा होता आणि नागपूरला रेल्वेही आली होती. लोकांना हा वेडेपणा वाटला. तरीही १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली.

गिरणीचा कारभार कोणाच्या हाती द्यावा? जमशेटजींनी बेझनजी मेहता यांना निवडले. बेझनजी पूर्वी रेल्वेत नोकरीला होते. त्यांना कापडधंद्याची माहिती नव्हती. पण त्यांची हुशारी आणि प्रामाणिकपणा जमशेटजींनी ओळखला होता. धंदा शिकता येतो. सचोटी मात्र अंगीच असावी लागते. यंत्रांचे काम पाहण्यासाठी ब्रुक्सबी नावाचे इंग्रज जाणकार होते. दोघांनी मिळून गिरणीचा जम बसवला. बेझनजींनी पुढे अनेक वर्षे ही गिरणी सांभाळली.

खरी अडचण पुढेच होती. कामगार रोज कामावर येत नसत. थोडे पैसे हाती आले, घरी लग्नकार्य निघाले किंवा सण आला, की ते गिरणीकडे फिरकत नसत. शिकून तयार झालेला कामगार निघून गेला, की नव्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागे. दुसरा मालक असता, तर त्याने दंड केला असता. जमशेटजींनी वेगळा विचार केला. माणूस काम सोडून का जातो, हे त्यांनी आधी पाहिले.

गिरणीत उकाडा आणि धूळ फार असे. जमशेटजींनी हवा खेळती राहावी अशी व्यवस्था केली. आग विझवण्याची साधने बसवली. चांगले काम करणाऱ्यांना बक्षिसे देण्यास सुरुवात केली. म्हातारपणी खायचे काय, ही चिंता प्रत्येक कामगाराला असते. म्हणून १८८६ साली त्यांनी निवृत्तिवेतनाचा निधी उभारला. १८९५ पासून कामावर अपघात झालेल्यांना भरपाई मिळू लागली. लक्षात घ्या, अशा भरपाईचा कायदा आपल्या देशात १९२३ साली झाला! यंत्रात हात सापडला, तर घरच्यांचे काय होईल, ही भीती कमी झाली. आपली कदर होते, हे कामगारांना कळले. मग गिरणी त्यांना परकी कशी वाटेल?

हुशार माणसे मिळवायची, तर ती आधी तयार करावी लागतात, हेही जमशेटजी जाणून होते. १८९२ साली त्यांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना मदत देणारा निधी सुरू केला.

पोलादाचा कारखाना काढायचे ठरले, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. तरी १९०२ साली ते स्वतः अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्यांच्या कचेरीत जाऊन त्यांनी आपली योजना समजावून सांगितली. पेरिन हिंदुस्थानच्या कामाला तयार झाले. त्याच वर्षी जमशेटजींनी आपले पुत्र दोराबजी यांना पत्र लिहिले. कामगारांच्या गावात रुंद रस्ते, सावलीची झाडे, बागा आणि खेळाची मैदाने असावीत, तसेच मंदिर, मशीद आणि चर्च यांसाठी जागा राखावी, असे त्यांनी त्यात कळवले होते. कारखान्याची जागाही अजून ठरली नव्हती; पण कामगारांच्या घरांचा विचार झाला होता!

१९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. पोलादाचा कारखाना त्यांना पाहता आला नाही. १९०७ साली त्यांच्या मुलांनी आणि सहकाऱ्यांनी कंपनी स्थापन केली आणि १९१२ साली तेथे पोलाद तयार झाले. त्या गावाला १९१९ साली जमशेदपूर हे नाव मिळाले.

नागपूरची एम्प्रेस मिल आता बंद झाली आहे. पण तिथे मिळालेला धडा जुना झालेला नाही. मित्रांनो, उद्या तुम्ही दुकान काढाल, कारखाना चालवाल किंवा एखाद्या कचेरीचे प्रमुख व्हाल. तुमच्या हाताखालचा चांगला माणूस काम सोडून निघाला, तर त्याच्यावर रागावण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा : त्याने इथे राहावे, म्हणून मी काय केले?