रंगांचे जाणकार डॉ. वेंकटरामन

वरळी कोळीवाड्यात सुती जाळी वापरात होती त्या काळी ती झाडाच्या सालीच्या काढ्यात भिजवून काढीत. जाळ्याला रंग चढे तो चढेच, पण खरा हेतू सूत कुजू नये हा. सालीतलं टॅनिन ते काम करी. जवळच्या वरळी, परळ, लालबागच्या गिरण्यांचं मात्र अशा काढ्यावर भागण्यासारखं नव्हतं. त्यांना पक्के रंग लागत आणि ते बहुतांशी परदेशातून बोटीने येत. कापूस आपला, मजूर आपला, रंग तेवढा परका.

या रंगांचं शास्त्र मुंबईत रुजवणारा माणूस म्हणजे डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन. जन्म मद्रासचा, ७ जून १९०१. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकून ते परत आले आणि लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकवू लागले. तिथेच १९३३-३४ च्या सुमारास विद्यार्थी महाल यांच्याबरोबर त्यांनी एक क्रिया शोधली. अल्कलीने चालना दिली की रेणूचा एक तुकडा एका जागेवरून सुटून दुसऱ्या जागी बसतो आणि पुढे त्यापासून फ्लॅवोन तयार करता येतो. फ्लॅवोन म्हणजे झाडापानांतल्या पिवळ्या रंगद्रव्यांचं एक घराणं. (हळद त्यात येत नाही, तिचं घराणं वेगळं.) त्याच सुमारास इंग्लंडमध्ये बेकर यांनाही हीच क्रिया स्वतंत्रपणे सापडली, म्हणून जगभर ती बेकर-वेंकटरामन या जोडनावाने ओळखली जाते.

हल्ली शास्त्रज्ञाचं काम दाखल्यांवरून मोजतात. दाखला म्हणजे तलाठ्याचा नव्हे. एकाने लेख लिहिला, दुसऱ्याने आपल्या लेखात त्याचा आधार घेऊन तसा उल्लेख केला, की झाला एक दाखला. पण या हिशेबात एक गोम आहे. एखादी क्रिया फारच रुळली, पाठ्यपुस्तकात गेली, की लोक नुसतं तिचं नाव लिहितात, मूळ लेखाचा उल्लेख करीतच नाहीत. म्हणजे वापर वाढतो आणि मोजणीत आकडा दिसत नाही. आमच्या खात्यात बियाण्याचं असंच होतं. रजिस्टरला पहिलं वाटप तेवढं चढतं. पुढे पाहुण्यारावळ्यांच्या हाताने तेच बी चार गावांत गेलं तर त्याची नोंद कुठे नसते. वेंकटरामन यांचं काम या दुसऱ्या जातीचं होतं, असं मला वाटतं.

१९३४ साली ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात आले. विभाग सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. १९३८ ते १९५७ ते त्याचे प्रमुख होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४३ साली, विभाग माटुंग्याच्या स्वतःच्या जागेत गेला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन रंग बंद झाले, तेव्हा हे ज्ञान इथे असण्याची किंमत सर्वांनाच कळली असेल. युद्धानंतर जर्मन कारखान्यांची गुपितं दोस्त राष्ट्रांच्या अहवालांतून उघड झाली. तीही वापरून त्यांनी कृत्रिम रंगांवर मोठा ग्रंथ लिहिला. पहिले दोन खंड १९५२ साली न्यूयॉर्कला निघाले आणि १९७८ पर्यंत त्यांच्या संपादनाखाली आठ खंड झाले. रशियनमध्येही पहिल्या खंडांचं भाषांतर झालं.

शेतकऱ्याने इथे एक आठवण ठेवायला हरकत नाही. याच कृत्रिम रंगांनी निळीचं पीक बुडवलं. १८९७ मध्ये जर्मन कंपनीची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि शेतातल्या निळीचा भाव कोसळला.

१९५७ मध्ये वेंकटरामन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले आणि तिथे त्यांचं लक्ष पुन्हा झाडांकडे वळलं. फणसाच्या लाकडातला पिवळा रंग, तुतीच्या सालीतली द्रव्यं, लाखेच्या किड्याचा तांबडा रंग, या सगळ्यांची रचना त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उलगडली. फणसाचा ओंडका कापला की पिवळा गाभा कोकणात कुणीही दाखवील. त्यात नेमकं काय आहे, ते पुण्यात शोधलं गेलं.

१९६१ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. १९६६ मध्ये संचालकपद त्यांचेच विद्यार्थी, कारंजा इथे जन्मलेले डॉ. बाळ दत्तात्रेय टिळक यांच्याकडे गेलं. त्या टिळकांनी निवृत्तीनंतर पुण्यात राहून खेड्यांसाठी तंत्रज्ञान नेण्याचं काम अंगावर घेतलं. वेंकटरामन १९८१ साली वारले. माटुंग्याचा त्यांचा विभाग २००८ पासून स्वतंत्र विद्यापीठाच्या दर्जाची संस्था आहे.