वीस हजार डोळे : ल्यूथर बरबँकची गोष्ट

आमच्या हॉस्टेलच्या मागे, कपडे वाळत घालायच्या तारांखाली, एक गुलाबाचं झाड आहे. सेकंड इयरला असताना आम्ही चौघांनी वर्गणी काढून ते नर्सरीतून आणलं. नर्सरीवाल्याने टपोऱ्या लाल फुलाचा फोटो दाखवला होता. आम्ही रोज पाणी घातलं, मेसमधला चहाचा चोथा घातला, झाड कंबरेइतकं झालं. पण लाल फूल काही दिसेना. शेवटी माळीकाकांनी खाली बसून दाखवलं. डोळा भरलेल्या जागेच्या खालून, म्हणजे खुंटातून, जंगली फुटवा आला होता. वरचा खरा डोळा कधीच वाळून गेला होता आणि आम्ही वर्षभर मोठ्या कौतुकाने खुंट वाढवत बसलो होतो!

काकांनी मग डोळा कसा भरतात तेही दाखवलं. खुंटाच्या सालीला टी अक्षरासारखी चीर द्यायची. हव्या त्या जातीच्या फांदीवरचा एक डोळा सालीसकट काढून त्या चिरेत सरकवायचा आणि पट्टी घट्ट बांधायची. सालीच्या आत वाढणाऱ्या पेशींचा एक पातळ थर असतो. दोघांचे थर जुळले की दोन झाडांचं एक होतं. मुळं एकाची, फुलं दुसऱ्याची. एक प्रकारचं वेल्डिंगच, फक्त ज्योत नाही. त्या नादात लायब्ररीत वाचत गेलो आणि ल्यूथर बरबँक सापडला. कार्व्हर आपल्याला वीणा गवाणकरांच्या पुस्तकामुळे घरचा वाटतो. त्याच काळातला हा बरबँक मात्र आपल्याकडे थोडा मागेच राहिला.

मित्रांनो, हा माणूस काही डिग्रीवाला नव्हता. ७ मार्च १८४९ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, लँकेस्टर गावी तो जन्मला. घरात भावंडांचा गोतावळा, शिक्षण शाळेपुरतं. काही दिवस नांगर बनवणाऱ्या कारखान्यात काम केलं. वडील वारल्यावर आलेल्या पैशांतून त्याने सतरा एकर जमीन घेतली आणि भाजीपाला पिकवू लागला. डार्विनची पुस्तकं वाचून एकच गोष्ट डोक्यात बसली होती : झाडं बदलतात, आणि माणूस निवड करून तो बदल हवा तिकडे वळवू शकतो.

पहिलं यश बटाट्याचं. एका बटाट्याच्या वेलावर त्याला बियांचं बोंड दिसलं. त्या जातीला ते सहसा धरत नाही. आत तेवीस बिया होत्या. तेवीस रोपं झाली आणि त्यातलं एक सरस निघालं. त्याचे हक्क त्याने १५० डॉलरला विकले आणि १८७५ मध्ये कॅलिफोर्नियाची गाडी पकडली. त्या बटाट्यापासून पुढे निघालेली रसेट बरबँक ही जात अमेरिकेत आजही फ्रेंच फ्राइजसाठी वापरतात. शोध लावणाऱ्याच्या हातात १५० डॉलर. हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उत्तरेला सांता रोझा नावाचं गाव आहे. तिथे सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. मिळेल ते सुतारकाम केलं, रात्री कोंबड्यांच्या खुराड्यात झोपला, तापाने आजारी पडला. मग हळूहळू छोटी रोपवाटिका उभी राहिली. आणि १८८१ च्या वसंतात ती ऑर्डर आली.

एका बँकरला प्रूनची, म्हणजे सुकवायच्या आलुबुखारची, मोठी बाग लावायची होती. त्याला त्याच वर्षाअखेर वीस हजार कलमं हवी होती. साधारणपणे या कामाला दीड-दोन वर्षं लागतात. आधी बी रुजवून खुंट तयार करायचा, मग डोळा भरायचा, मग तो वाढवायचा. बाकीचे नर्सरीवाले हसले असते. बरबँकने थोडा विचार केला आणि हो म्हणाला.

इथे त्याचं डोकं बघण्यासारखं आहे. आलुबुखारच्या कुळातल्या बहुतेक आठळ्या रुजायला फार वेळ घेतात. पण त्याच कुळातला बदाम ओल्या वाळूत पंधरवड्यात कोंब काढतो. बरबँकने वाळूचे वाफे केले, बदाम पसरले, वर ओलं गोणपाट टाकलं. कोंब आलेले बदाम निवडून रांगेत लावले. उन्हाळ्यात रोपं डोळा भरण्याइतकी जाड झाली. माणसं लावून त्याने वीस हजारांच्या घरात प्रूनचे डोळे बदामाच्या खुंटावर भरवले. आता खरी मेख पुढे. डोळा जुळल्यावर खुंटाचा शेंडा छाटला तर रोपाचं अन्नच तुटतं. तसाच ठेवला तर सगळा जोर शेंडाच खातो आणि डोळा झोपून राहतो. बरबँकने शेंडे कापले नाहीत. नुसते मोडून वाकवले. वाकलेल्या शेंड्याची पानं मुळांना अन्न देत राहिली, पण वाढीचा जोर डोळ्यांकडे वळला. डोळे फुटून वाढीला लागल्यावर मगच शेंडे उडवले. डिसेंबरला १९,५०० कलमं तयार होती. आमचा गुलाब आठवून मला मनापासून लाज वाटली.

पैसा आल्यावर मात्र त्याने रोपं विकायचा चालता धंदा हळूहळू सोडून दिला आणि नव्या जाती तयार करण्यात उतरला. घराभोवती चारेक एकरांची बाग आणि जवळच सेबास्टोपोलला आणखी जमीन. फुलातले पुंकेसर वाळवून पराग बशीत घ्यायचे आणि बोटाच्या टोकाने दुसऱ्या फुलाला लावायचे. बियांची हजारो रोपं करायची. फळझाडाला बीपासून फळ धरायला वर्षानुवर्षं लागतात; म्हणून कोवळ्या रोपाची काडी घेऊन मोठ्या झाडावर कलम करायची. मोठ्या झाडाच्या बळावर ती काडी लवकर फळते. एकेका झाडावर अशी शेकडो कलमं! म्हणजे एकाच टेस्ट रिगवर शेकडो नमुने. नंतर तो रांगांमधून चालत जायचा आणि नजरेने निवडायचा. नापास झालेली रोपं हजारोंनी उपटून जाळली जायची.

यातून १९०६ मध्ये सांता रोझा आलुबुखार आला, आलुबुखार आणि जर्दाळूचा संकर आला, शास्ता डेझी आली. दोन जातींच्या अक्रोडांच्या संकरातून भराभर वाढणारं झाड निघालं. त्याला त्याने पॅराडॉक्स हे नाव दिलं. पॅराडॉक्सला अक्रोड फारसे धरत नाहीत, पण कॅलिफोर्नियाच्या अक्रोडबागांत असा संकर आज खुंट म्हणून सर्रास वापरतात. एकूण आठशेच्या वर नव्या जाती त्याच्या नावावर सांगितल्या जातात.

आता दुसरी बाजू. १९०५ पासून कार्नेगी इन्स्टिट्यूशनने त्याला वर्षाला दहा हजार डॉलर द्यायला सुरुवात केली आणि त्याची पद्धत टिपून घ्यायला जॉर्ज शल हा शास्त्रज्ञ पाठवला. शलने वही मागितली. वही म्हणजे काय, तर पेन्सिलीच्या खुणा आणि कापलेलं फळ दाबून उमटवलेले ठसे! कुठल्या झाडाचा बाप कोण, किती रोपांतून किती निवडली, हे बरबँकच्या डोक्यात होतं. मेंडेलचे नियम १९०० मध्येच पुन्हा उजेडात आले होते, पण हा गडी जुन्याच कल्पना धरून होता. १९०९ अखेर अनुदान बंद झालं. थोडक्यात, प्रॅक्टिकल फर्स्ट क्लास आणि जर्नल अपूर्ण. (आपल्याकडे याची उदाहरणं प्रत्येक विंगमध्ये सापडतील.) माझं मत विचाराल तर चूक शलची नव्हती. आठशे जाती मिळाल्या, पण त्या कशा मिळाल्या याचा बराचसा भाग बरबँकबरोबरच गेला.

बिनकाट्यांच्या निवडुंगाने तर त्याचं नावच पणाला लागलं. फड्या निवडुंगातून काटे घालवले की वाळवंटात गुरांना चारा, ही कल्पना. १९०७ च्या सुमारास त्याचा बोलबाला झाला. पण काटे गेले की संरक्षणही जातं, कुंपण लागतं, ससेसुद्धा खाऊन टाकतात. त्यातच त्याच्या नावाने विक्री करणाऱ्या कंपनीने मागणी पुरी करायला साध्या निवडुंगाचे काटे खरडून तोच माल खपवला. कंपनी बुडाली. बरबँकचा हात त्यात नव्हता, पण पाटी त्याच्या नावाची होती.

१९१५ मध्ये एडिसन आणि फोर्ड त्याची बाग बघायला आले होते. एडिसनकडे हजारावर पेटंटं, बरबँककडे एकही नाही, कारण तेव्हा झाडाला पेटंट मिळतच नव्हतं. कुणी एक काडी विकत घेतली की त्यापासून लाखो कलमं करायला मोकळा. म्हणून तो नवी जात एकदाच, एकरकमी विकून टाकायचा.

११ एप्रिल १९२६ रोजी तो गेला. १९३० मध्ये अमेरिकेत वनस्पतींच्या पेटंटचा कायदा झाला. त्यासाठी एडिसनने आपलं वजन खर्च केलं होतं. बरबँकच्या नावावर त्यानंतर पेटंटं निघाली, सगळी मरणोत्तर.

सांता रोझाच्या घराच्या अंगणात, त्याने स्वतः लावलेल्या लेबनॉनच्या देवदाराखाली त्याला पुरलं. समाधीचा दगड नव्हता. झाड हीच खूण. ते झाड पुढे खराब झालं आणि १९८९ मध्ये तोडावं लागलं. बाग मात्र आहे, आणि लोक ती बघायला जातात.