लँगरहान्सची बेटे

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने जमाखर्च सोडून सूक्ष्मदर्शकाच्या गोष्टी सांगाव्यात, याचे काहींना नवल वाटेल. पण पाउल लँगरहान्सने आपले शोध लावले तेव्हा तोही विद्यार्थीच होता.

त्याचा जन्म २५ जुलै १८४७ रोजी बर्लिनमध्ये एका डॉक्टरच्या घरी झाला. विख्यात रोगशास्त्रज्ञ विर्खो यांच्या प्रयोगशाळेत शिकत असताना १८६८ साली त्याने माणसाच्या कातडीच्या तुकड्यावर गोल्ड क्लोराइडचा प्रयोग केला. फांद्या फुटलेल्या काळ्या पेशी दिसल्या. त्या मज्जासंस्थेच्या असाव्यात, असे त्याने मानले. तो अंदाज चुकीचा ठरला. त्या रोगप्रतिकारक पेशी आहेत हे कळायला शंभर वर्षे लागली.

पुढच्याच वर्षी त्याने स्वादुपिंडावर प्रबंध लिहिला. पाचकरस तयार करणाऱ्या पेशींच्या गर्दीत फिकट पेशींचे लहान लहान पुंजके विखुरलेले त्याला आढळले. सशाच्या स्वादुपिंडात त्यांच्याभोवती मज्जातंतूही विपुल होते. या पुंजक्यांचे कार्य आपल्याला सांगता येत नाही, असे त्याने सरळ लिहून टाकले. परीक्षेच्या पेपरात एवढे धाडस आपल्यापैकी किती जण करतील!

पुढे तो फ्रायबुर्गला प्राध्यापक झाला. पण १८७४ मध्ये क्षयाने गाठले आणि अध्यापन सुटले. हवापालटासाठी तो अटलांटिक महासागरातील मदेरा बेटावर गेला आणि तिथलाच झाला. फुंशाल गावात डॉक्टरकी करी, उरलेल्या वेळात समुद्रातले किडे तपासी. किड्यांच्या एका प्रजातीला त्याने आपल्या गुरूचे नाव दिले! (गुरूंना ते कितपत रुचले असेल, कोण जाणे.) २० जुलै १८८८ रोजी, एक्केचाळीस पूर्ण व्हायला पाच दिवस असताना तो वारला.

दुसऱ्याच वर्षी, स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो, हे सिद्ध झाले. १८९३ मध्ये लागेस या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या पुंजक्यांना लँगरहान्सची बेटे म्हटले. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांना इन्सुलिन हाती लागले.

मज्जातंतूंकडे मात्र लक्ष उशिरा वळले. स्वादुपिंडाचा कर्करोग मज्जातंतूंच्या कडेने पसरतो, हे डॉक्टरांना ठाऊक होते. पण कर्करोगाच्याही आधी नलिकांच्या अस्तरात ज्या बारीक वाढी होतात, त्यांतही मज्जातंतूंचा हात असावा, असे आता दिसते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, हा रोग हमखास होणाऱ्या जातीच्या उंदरांतील संवेदना वाहणाऱ्या मज्जापेशी नष्ट करण्यात आल्या. तेव्हा त्या वाढीही मंदावल्या आणि पुढचा रोगही. माणसासाठी यातून औषध अजून निघालेले नाही.