लुटीतल्या रुपयांची गुटी

दिवाळी सरली की लाखांदूरच्या आसपास मंडया भरतात आणि वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या धावायला लागतात. धान घरात आलेलं असतं, तुम्ही रात्रभर मांडी घालून नाटक बघता. त्यातला चोर आठवा बरं. एकतर तो व्हिलन असतो, नाहीतर शेवटच्या अंकात ढसाढसा रडून सुधारतो. यापेक्षा वेगळा चोर मराठीत ज्याने लिहिला तो माणूसही मंचावरचाच, तमाशातून आलेला. अण्णाभाऊ साठे.

जन्म १ ऑगस्ट १९२०, सांगली जिल्ह्यातलं वाटेगाव, मांगवाडा. सरकारी कागदावर इथले लोक गुन्हेगार. हजेरी द्यायची, नाही दिली तर तुरुंग. आणि याच वाड्यात सांगितली जाणारी आठवण अशी, की अण्णाभाऊ जन्मले तेव्हा इंग्रजांचा खजिना लुटून आलेल्या फकिराने बाळाच्या गुटीसाठी ओंजळीने रुपये दिले. आता सांगा, या पोराने चोरीला काय म्हणायचं?

शाळा जेमतेम दीड दिवस. मग वडिलांबरोबर पायी मुंबई, हमाली, गिरणी, दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरओळख. १९४४ मध्ये अमर शेख आणि गवाणकरांसोबत लाल बावटा कलापथक. ती चळवळ हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आपल्याला हवी आहे १९५९ ची ‘फकिरा’. तिच्यात अण्णाभाऊ दरोड्यापासून सुरुवात करत नाहीत, जोगणीपासून करतात. दुसऱ्या गावची जोगणी पळवून आणायची, म्हणजे ती जत्रा आपल्या गावाला मिळते. चोरीच ही, पण मानाची. हिला नियम आहे: पळवणारा आपल्या शिवेत पोचला की त्याच्यावर हत्यार उचलायचं नाही. फकिराचा बाप राणोजी शिवेत पोचतो आणि तरी मारला जातो. वाचताना आपल्याला संताप येतो तो नियम मोडणाऱ्याचा, जोगणी पळवणाऱ्याचा नाही. त्यामुळे पुढे दुष्काळात फकिरा धान्य लुटतो तेव्हा आपण त्याच वाड्याच्या मापाने मोजत असतो. सरकार वाड्यातली माणसं डांबतं, तेव्हा तो स्वतःहून हजर होतो. त्याच्या हिशेबात पळून जाणं हाच गुन्हा.

खरं सांगायचं तर फकिरा मला जरा जास्तच निर्मळ वाटतो. नायकावर लेखकाचा जीव जडला की असं होतं.

अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ ला गेले, वयाची पन्नाशीही न गाठता. तुम्ही स्वतः एकांकिका-बिकांकिका लिहीत असाल तर कॉलेजच्या लायब्ररीत त्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा शोधा. तिथे ना वाडा, ना जोगणी, ना मानाची चोरी. वारणाकाठचा भीमा मुंबईच्या कडेला दगडाच्या खाणीत राबतो. खाण बंद पडते. मग तो मढी उकरून त्यांच्या अंगावरचं सोनं काढायला लागतो, कोल्ह्यांशी झुंजतो. इथे त्याच्या बाजूने कुणीच उभं नाही. घरच्यांनाही त्याची भीती वाटते. अण्णाभाऊ त्याला माफी मागायला लावत नाहीत आणि शाबासकीही देत नाहीत. एका रात्री मढ्याच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. दोन बोटं कापावी लागतात. आणि त्याच दिवशी बातमी येते, की खाण पुन्हा सुरू झाली. दगड फोडणारा तो पहाडासारखा गडी लहान पोरासारखा रडायला लागतो.