१९०५ साली जन्मलेले कापरेकर मास्तर आणि ६१७४ चा आकडा

इस्लापूर : एमएच २६ च्या पाटीवरचे शेवटचे चार आकडे घ्या. चारही सारखे नसले म्हणजे झालं. मोठ्यापासून लहान असे मांडा, मग उलटे मांडा, मोठ्यातून लहान वजा करा. येईल त्या उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि तिथंच थांबतो. जगात याला कापरेकर स्थिरांक म्हणतात. शोधणारा माणूस होता नाशिकजवळच्या देवळालीचा शाळामास्तर.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आई आठव्या वर्षीच गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद. आकडेमोड घरातच होती. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ साली तिथं रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं, १९२९ ला बीएस्सी झाले. पुढची पदवी काही घेतली नाही. १९३० ते १९६२ देवळालीत शिकवलं.

६१७४ त्यांना १९४६ मध्ये सापडला, १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. त्यांचा स्वतःचा जन्मसाल १९०५ घेऊन पाहा: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. बरोबर सात पायऱ्या!

संख्यांना जाती लावायची त्यांना हौस होती, नावंही आपल्याच भाषेतली. अंकांच्या बेरजेनं नि:शेष भाग जातो ती हर्षद, म्हणजे हर्ष देणारी. दुसऱ्या कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही ती स्वयंभू, जशी २०. वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की मूळ संख्या परत येते, ती आज कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५. २० आणि २५ मिळून ४५.

मोठी संख्या हवी तर १४२८५७ घ्या. वर्ग २०४०८१२२४४९. तोडा: २०४०८ अधिक १२२४४९, पुन्हा १४२८५७. अंकांची बेरीज २७, भागाकार ५२९१, बाकी शून्य. म्हणजे कापरेकरही आणि हर्षदही. कागद-पेन्सिलीवर हे सगळं चालायचं, तेव्हा कॅल्क्युलेटर कुठला?

देशातल्या बऱ्याच गणितज्ञांना मात्र हा पोरखेळ वाटला. मास्तर पदरचे पैसे घालून पुस्तिका छापत राहिले. निवृत्तीनंतर पत्नी वारली, पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या घेतल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेच्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठं जगाला नाव कळलं. मास्तर सत्तरीत होते. कौतुकाला इतका उशीर व्हायला नको होता.

१९८६ साली देवळालीतच ते गेले.