रक्तगटाचा शोधक आणि सी. ए. रिपोर्टमधील एक ओळ

बलात्काराच्या जुन्या खटल्यांची कागदपत्रे चाळताना सी. ए. रिपोर्टमध्ये, म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात, कपड्यावरील डागाचा गट ‘ए’ किंवा ‘बी’ अशी ओळ वारंवार दिसते. ती ओळ लिहिणे ज्याच्यामुळे शक्य झाले, त्या कार्ल लँडस्टायनरला आपले कार्यकर्ते फक्त रक्तदान शिबिरांपुरते ओळखतात.

१४ जून १८६८ रोजी व्हिएन्नाजवळ एका ज्यू कुटुंबात तो जन्मला. वडील पत्रकार. ते लवकर गेले आणि आईनेच त्याला वाढवले. १८९१ साली डॉक्टर झाला, पण ओढा रसायनशास्त्राकडे. पुढे हजारो शवविच्छेदने केली. १९०१ साली त्याने स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या रक्तावरील प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच्या रक्तातील सीरम दुसऱ्याच्या तांबड्या पेशींत मिसळले, की काही वेळा गुठळ्या होत, काही वेळा नाही. ही सगळी माणसे निरोगी होती. यातून तीन गट निघाले. चौथा, ‘एबी’, सहकाऱ्यांनी १९०२ साली शोधला. (सख्ख्या भावांचे गट वेगळे निघतात आणि ब्राह्मणाचा व महाराचा एकच निघू शकतो. रक्तशुद्धीच्या पुजाऱ्यांनी याचे उत्तर अजून दिलेले नाही!)

१९०३ साली माक्स रिश्टर या न्यायवैद्यक तज्ज्ञाबरोबर त्याने वाळलेल्या रक्ताच्या डागांचा तपासात कसा उपयोग होईल, हे मांडले. पुढे इतरांनी दाखवले की सुमारे ८० टक्के माणसांच्या लाळेत, वीर्यात, योनिस्रावातही गटाची द्रव्ये उतरतात. लैंगिक अत्याचाराच्या तपासात रक्तगट आला तो असा.

इथेच वकिलाने सावध व्हायला हवे. डागात पीडितेचा स्वतःचा स्रावही मिसळलेला असतो. ती ‘ए’ आणि आरोपीही ‘ए’ असेल, तर डागात सापडलेला ‘ए’ काहीच सांगत नाही. गट जुळला म्हणून आरोपी सिद्ध होत नाही, कारण त्या गटाची लाखो माणसे असतात. आणि वीर्य आढळले नाही, एवढ्यावरून अत्याचार झालाच नाही असेही ठरत नाही. भारतीय दंडविधानाने प्रवेश पुरेसा मानला होता, वीर्यस्खलनाची अट कधीच घातली नव्हती. ठाण्यात फिर्याद घ्यायलाच दोन-तीन दिवस लावायचे, तोवर बाईने अंघोळ केलेली, लुगडे धुतलेले. मग कोरा अहवाल तिच्याच तोंडावर फेकायचा, हा प्रकार वस्तीवरच्या आपल्या भगिनींनी फार सोसला आहे.

महायुद्धानंतरच्या हलाखीत लँडस्टायनरने व्हिएन्ना सोडले. हेगमार्गे तो न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत गेला. १९३० साली नोबेल मिळाले, १९४० साली वीनरबरोबर आरएच घटक जगापुढे आणला. जून १९४३ मध्ये प्रयोगशाळेत काम करतानाच त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि २६ जूनला तो गेला. शुक्रपेशी स्त्रीच्या पेशींपासून वेगळ्या काढून त्यांचा डीएनए तपासण्याची रीत १९८५ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. आरोपीच्या डीएनए नमुन्याची स्पष्ट तरतूद आपल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ च्या दुरुस्तीने, कलम ५३-अ म्हणून आली; १ जुलै २०२४ पासून ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२ मध्ये आहे.