फ्रँकलिनची शुक्रवारची बैठक

पतंगाच्या प्रयोगाने ढगांतील विजेचे रहस्य उलगडणारा शास्त्रज्ञ आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी करणारा मुत्सद्दी म्हणून बेंजामिन फ्रँकलिन सर्वांना परिचित आहे. परंतु त्याचे एक काम तितकेसे ठाऊक नसते. चार कारागीर एकत्र जमले की गप्पा रंगतात आणि मुद्दा बाजूला पडतो. गप्पांना बंदी घातली, तर माणसेच येईनाशी होतात. या पेचातून फ्रँकलिनने वयाच्या एकविसाव्या वर्षी वाट काढली.

बोस्टन येथे १७ जानेवारी १७०६ रोजी जन्मलेला बेंजामिन हा साबण व मेणबत्त्या बनविणाऱ्या गृहस्थाच्या सतरा अपत्यांपैकी पंधरावा. बाराव्या वर्षी त्याने भावाच्या छापखान्यात उमेदवारी सुरू केली. भावाशी पटेना, तेव्हा १७२३ मध्ये तो पळून फिलाडेल्फियाला आला. वाद जिंकण्याची त्याला हौस होती, कोट्या आणि थट्टेचीही सवय होती. या सवयीमुळे आपण केवळ उथळ मंडळींतच प्रिय होतो, हे पुढे त्याच्या ध्यानात आले. त्याने स्वतःसाठी तेरा सद्गुणांची यादी केली, तीत मितभाषणाला दुसरे स्थान दिले.

१७२७ मध्ये त्याने ‘जुंटो’ नावाचे मंडळ स्थापन केले. दस्तऐवजांच्या नकला करणारा लेखनिक, भूमापक, जोडे शिवणारा, सुतार, छापखान्यातील सोबती असे कष्टकरी लोक दर शुक्रवारी संध्याकाळी जमत. प्रत्येकाने पाळीपाळीने चर्चेसाठी प्रश्न मांडावा आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतःचा निबंध वाचावा, असा नियम होता. थंड पाण्याच्या भांड्यावर उन्हाळ्यात बाहेरून दव का जमते, धूर कोंडणारे धुराडे कसे सुधारावे, असे विषय तेथे निघत. अध्यक्षाच्या देखरेखीखाली चर्चा चाले. हटवादी विधाने आणि तोंडावर खोडून काढणे यांस मनाई होती. नियम मोडणाऱ्यास किरकोळ दंड होई.

मात्र खासगी बोलण्याला त्याने दार बंद केले नाही. त्याला जागा नेमून दिली. प्रत्येक बैठकीत विचारावयाच्या चोवीस ठरावीक प्रश्नांत गावात कोणाचा धंदा बुडाला व का, नव्याने दुकान थाटलेल्या कोणा होतकरू तरुणाला हातभार लावता येईल का, सभासदाला मंडळाकडून कोणती मदत हवी आहे, यांचाही समावेश होता. दोन प्रश्नांच्या मधे पेलाभर मद्य घेण्यापुरती उसंतही असे.

तरीही हा मेळ प्रत्येकाला मानवला नाही. खिडक्यांना काचा बसविणारा टॉमस गॉडफ्रे हा आरंभीचा सभासद स्वतःच्या बळावर गणित शिकलेला होता. समुद्रावर सूर्याची उंची मोजण्याचे सुधारित उपकरण त्याने पुढे १७३० मध्ये, इंग्लंडमधील जॉन हॅडली यांच्यापासून स्वतंत्रपणे, शोधून काढले. परंतु साध्या बोलण्यातही तो गणिताची काटेकोरता मागे आणि क्षुल्लक शब्दावरून हरकत घेई. संभाषणाचा विचका होऊ लागला आणि थोड्याच दिवसांत त्याने मंडळ सोडले. मंडळातील सर्वांत कुशाग्र गणिती असा दुरावला. नियमांनी वाचाळाला आवरता येते. पण ज्याला दुसऱ्याची विचारपूस हीच अडगळ वाटते, त्याला कोणता नियम थांबवून धरणार?

या विचारपुशीचे मोल फ्रँकलिनला स्वतःच कळले. भागीदाराच्या वडिलांना कबूल केलेली रक्कम पूर्ण देता न आल्यामुळे त्याचा छापखाना संकटात आला, तेव्हा रॉबर्ट ग्रेस आणि विल्यम कोलमन हे दोन सभासद एकमेकांना न सांगता पैसे घेऊन त्याच्याकडे आले. त्याने दोघांकडून निम्मी निम्मी रक्कम घेतली. सभासदांनी आपापली पुस्तके एकत्र ठेवून पाहिली. ती योजना फसली, पण त्यातूनच १७३१ मध्ये वर्गणीवर चालणारे ग्रंथालय उभे राहिले. १७३६ च्या अग्निशमन मंडळाची कल्पनाही प्रथम जुंटोतच मांडली गेली.

मंडळ उपयुक्त ठरताच अनेक सभासदांना आपल्या मित्रांना आत आणावेसे वाटू लागले. फ्रँकलिनने सभासदसंख्या बारावरच ठेवली आणि प्रत्येक सभासदाने स्वतःचे निराळे मंडळ काढावे, असे सुचविले. माणसे फार झाली, तर ओळख राहत नाही आणि ओळख नसेल, तर मोकळेपणाही राहत नाही. अशी पाच-सहा मंडळे निघाली आणि मूळ मंडळ सुमारे चाळीस वर्षे टिकले.

फ्रँकलिन १७६९ मध्ये अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीचा अध्यक्ष झाला आणि १७ एप्रिल १७९० रोजी निधन होईपर्यंत त्या पदावर होता. एकत्र येऊन विद्या वाढवू पाहणाऱ्या कोणत्याही मंडळींना त्याच्या शुक्रवारच्या बैठकीतून आजही शिकता येईल. कामाच्या चर्चेला शिस्त हवी आणि माणसाच्या विचारपुशीला राखीव जागा. यांतले एक जरी वगळले, तरी दुसरे फार काळ टिकत नाही.